आपल्या घरातील चूळपंथक

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोलताना वेळेअभावी जे राहून गेले ते लिहिताना घातले आहे.)



वर्धापनदिनाला आपण वक्ता बाहेरून आणतो. कुणी प्राध्यापक, कुणी वकील. यंदा समितीने मला उभे केले. माझे शिक्षण दहावीपर्यंत. त्यापुढचे जे काही, ते वाचनालयात आणि या विहाराच्या ओट्यावर. हयात गेली गिरणीच्या साचाखात्यात, तुटलेले धागे जोडण्यात. तेव्हा विद्यापीठातल्या एका शिक्षणक्रमावर मी बोलणार म्हटल्यावर काही जण गालात हसले. हसू द्या. मी विद्यापीठाची पायरी चढलो नाही, पण आपल्या वस्तीतली एक मुलगी चढली. तिने मला जे शिकवले तेच मी सांगणार आहे. "काका, माझं नाव घेऊ नका," म्हणाली, म्हणून घेत नाही. तुम्ही सगळे ओळखताच.

विषय आहे विशेष शिक्षण. ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याची समज हळू चालते, ज्याला सगळे कळते पण वाचायला बसला की अक्षर लागत नाही, अशा मुलांना शिकवायचे कसे, याचे शास्त्र. हे शास्त्र विद्यापीठात शिकवतात, त्याची बी.एड.ची पदवी मिळते, एम.एड.सुद्धा होते, हे चार वर्षांपूर्वी आपल्या वस्तीत कुणाला ठाऊक होते? मला नव्हते.

ही मुलगी बी.ए. झाली, घरातली पहिली पदवीधर. तिचे वडील आणि मी एकाच पाळीत काम केलेले. घरच्यांचा आग्रह होता, स्पर्धा परीक्षा दे, बँकेत लाग, नाहीतर साधं बी.एड. कर. तिने सांताक्रूझच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात विशेष शिक्षणाच्या बी.एड.चा फॉर्म भरला. घरात रडारड झाली. आई म्हणाली, "येड्यांच्या शाळंत शिकवणार व्हय? लगीन कोन करंल हिच्याशी?" वडील माझ्याकडे आले. तू चळवळीतला माणूस, तुझं ऐकेल, म्हणाले. आणि मी समजूत घालायला गेलो! आज सांगताना लाज वाटते. मी तिला म्हणालो, "बाबासाहेबांनी आपल्याला माऱ्याच्या जागा घ्यायला सांगितलंय, तू कुठं चाललीस?"

ती म्हणाली, "काका, पोराला ज्या दारातून परत पाठवतात, त्या दारापेक्षा माऱ्याची जागा कुठली?"

मी चहा पिऊन घरी आलो.

तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. पदवीनंतरचा. पदवीला पन्नास टक्के लागतात, मागासवर्गीयांना त्यात सवलत असते. त्यात एक प्रकार मुख्य म्हणून निवडायचा, अंधत्व, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता यांपैकी, आणि बाकीच्यांची ओळख करून घ्यायची. तिने बौद्धिक अक्षमता घेतली. मानसशास्त्र होते, मुलाची वाढ कशी होते ते होते, आणि मुख्य म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवणे होते, विशेष शाळेत आणि साध्या शाळेतही.

एकदा ती ब्रेलची पाटी घेऊन इथे विहारात आली होती. आठवत असेल, मुलांची झुंबड उडाली. सहा टिंबांचा खेळ आहे सगळा. त्या सहा टिंबांच्या वेगवेगळ्या मांडणीत आपली मराठी बसते, इंग्रजी बसते, गणितही बसते. सगळ्या भारतीय भाषांसाठी ही भारती ब्रेल १९५१ साली ठरली. गंमत अशी की पाटीवर कागद लावून सळईने टोचायचे ते उजवीकडून डावीकडे, कारण उठाव कागदाच्या मागे येतो. मग कागद उलटा करून बोटाने डावीकडून उजवीकडे वाचायचे. आपल्या पोरांनी त्यात "जयभीम" टोचले. ही लिपी काढली फ्रान्समधल्या लुई ब्रेलने, तो स्वतः आंधळा आणि तेव्हा वय पंधरा. ज्याचे दुखते त्यालाच औषध सुचते, हे आपल्याला नवीन सांगायला नको.

पण मला खरी पटली ती बटणाची गोष्ट. तिच्याकडे सरावाला एक नऊ वर्षांचा मुलगा दिला होता. त्याला शर्टाची बटणे लावता येत नव्हती. पहिल्या दिवशी तो तिच्या अंगावर थुंकला. तिने साडी धुतली आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. तिला शिकवले होते की कामाचे बारीक तुकडे पाडायचे. बटण चिमटीत धरणे, काज दुसऱ्या हाताने ताणणे, बटणाची कड आत सारणे, पलीकडून धरून ओढणे. आणि शिकवायला सुरुवात करायची शेवटच्या तुकड्यापासून. बाकीचे सगळे बाईंनी करायचे, अर्धे बाहेर आलेले बटण मुलाने फक्त ओढायचे. म्हणजे पहिल्या दिवसापासून "लागलं!" हा आनंद त्याच्या वाट्याला. ते जमले की त्याच्या आधीचा तुकडा. पाच आठवडे लागले. सहाव्या आठवड्यात त्याची आई फाटकाशी उभी राहून बघत होती, आणि पोरगा आपला आपण खालून वरपर्यंत बटणे लावत गेला. एक चुकले, काज सोडून लावले. ते कुणी दुरुस्त केले नाही.

हे ऐकले आणि मला आमचा जॉबर आठवला. मी बदली कामगार म्हणून लागलो तेव्हा साच्यावर फिरती बॉबिन बघून माझी बोटेच चालत नव्हती. शेजारचा म्हणाला, याला काढा, हा कामाचा नाही. जॉबरने काढले नाही. माझा हात त्याच्या हातात धरला, धागा आणून दिला तो, फक्त शेवटचा पीळ मला द्यायला लावला. चार दिवस तेवढेच. मग त्याच्या आधीचे. माणूस निरक्षर होता. ज्याला विद्यापीठात आज शास्त्र म्हणतात ते त्याच्या हातात होते. मी शिकलो कारण कुणीतरी ठरवले की याला येत नाही म्हणजे माझ्या शिकवण्यात काहीतरी बदलले पाहिजे.

आता माझ्या घरचे सांगतो. हे मी या व्यासपीठावरून पहिल्यांदाच सांगतोय.

दुसऱ्या वर्षी त्या मुलीला एका कुटुंबाचा अभ्यास लिहायचा होता. घरात असे मूल असेल त्या घरच्यांशी बोलायचे. ती माझ्याकडे आली. तिला तिच्या आईकडून कळले होते की मला एक धाकटा भाऊ होता. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. उशिरा चालला, बोलायचा चार-दोन शब्द. जवळच्या एका शाळेत घातला, तर तिसऱ्या महिन्यात बाईंनी वडिलांना बोलावून सांगितले, हा शिकणार नाही, घरीच ठेवा. वडिलांनी ठेवला. त्यांना वाटले बाईंना जास्त कळते. आई कामावर, वडील पाळीवर, मी शाळेत. दाराला बाहेरून कडी. चाळीत शेजारीण म्हणायची, मागल्या जन्माचं काहीतरी असंल. आमच्या आईने बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या, पण या एका पोरासाठी तिने गुपचूप नवस केले, हे मला ती गेल्यावर कळले.

पण त्याला एक गोष्ट यायची. गिरणीचा भोंगा वाजला की तो कुठल्या गिरणीचा ते तो हात करून दाखवायचा. एवढ्या गिरण्या, प्रत्येक भोंग्याचा आवाज वेगळा, आणि हा कधी चुकला नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि भोंगे बंद पडले, तेव्हा पाळी सुटायच्या वेळेला तो दाराशी येऊन उभा राहायचा, आणि आवाज आला नाही की आमच्या तोंडाकडे बघायचा. किती दिवस बघत होता!

हे सगळे मी तिला कौतुकाने सांगत होतो. तिने वही खाली ठेवली. म्हणाली, "काका, त्याला भोंगे ओळखता येत होते, म्हणजे ऐकणं चांगलं होतं, लक्षात राहत होतं, वेळेचं भान होतं, फरक कळत होता. त्याला शिकवता आलं असतं."

२००६ साली तापाचे निमित्त होऊन तो गेला. एकतीस वर्षांचा होता. स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. आणि आपल्या घरापासून वीस मिनिटांच्या चालीवर, शिवडीच्या टेकडीवर, जय वकील शाळा उभी होती. अशाच मुलांसाठी. एका आई-बापांनी आपल्या मुलीसाठी १९४४ साली सुरू केलेली. मी तिच्या खालून शेकडो वेळा मोर्चाला गेलो असेन. वीस वर्षे वस्त्यावस्त्यांतून सांगत फिरलो, शिका, पोरांना शिकवा. घरी आलो की कडी काढायचो, आत भाऊ.

मित्रहो, वर्षावासात चूळपंथकाची कथा मी किती वेळा सांगितली आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीची मुलगी आणि तिच्या घरचा दास, यांची ही दोन मुले, दोघेही वाटेवर जन्मले म्हणून पंथक. थोरला महापंथक हुशार, भिक्खू झाला, अर्हत झाला. त्याने धाकट्यालाही संघात आणले आणि चार ओळींची एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने झाले, गाथा पाठ होईना. थोरला म्हणाला, तू या शासनात कामाचा नाहीस, जा. जीवक वैद्याने भोजनाला बोलावले, तर थोरल्याने यादीतून धाकट्याला वगळले. तो पहाटे निघून चालला होता. दाराशी तथागत उभे होते. त्यांनी त्याचा हात धरला, एक स्वच्छ पांढरे फडके दिले आणि सांगितले, पूर्वेकडे तोंड करून हे चोळत राहा आणि दोनच शब्द म्हण, रजोहरण, मळ काढणारे. चोळता चोळता फडके मळले, आणि चार महिन्यांत जे गाथेने कळले नाही ते अनित्य त्याला त्या मळलेल्या कपड्यावरून कळले. तिकडे जीवकाच्या आंब्याच्या वनात तथागतांनी पात्रावर हात ठेवला आणि विचारले, विहारात कुणी राहिले आहे का? तो येईपर्यंत जेवण सुरू झाले नाही.

विद्यापीठात जे दोन वर्षे शिकवतात ते सारे यात आहे. तोंडपाठ जमत नाही तर हाताला काम द्या. चार ओळी जड जातात तर दोन शब्द द्या. आणि जो गैरहजर आहे त्याची चौकशी जेवणाच्या आधी करा.

ही कथा सांगताना मी नेहमी स्वतःला चूळपंथकाच्या बाजूने धरायचो. आपण दबलेले, हाकललेले, म्हणून. त्या मुलीने वही खाली ठेवली त्या दिवशी मला कळले की मी त्या कथेतला थोरला भाऊ आहे.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण वाचणारे विचारतील. अट्ठकथेत चूळपंथकाच्या मंदपणाचे कारण मागच्या जन्मात दाखवले आहे, त्याने म्हणे पूर्वी कुणा मंद भिक्खूची टिंगल केली होती. असल्या गोष्टी बाबासाहेबांच्या चाळणीतून गाळून घ्याव्या लागतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ १९५७ साली आला. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते हे मत बुद्धाचे असू शकत नाही, असे त्यांनी त्यात मांडले, आणि असे मत गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी टाळणाऱ्या समाजाला व राज्याला सोयीचे पडते, हेही दाखवले. जे गरिबीला लागू तेच या मुलांना लागू. कारणे असतात. गरोदरपणी रुबेला होतो, जन्मताना प्राणवायू कमी पडतो, मेंदूज्वर होतो, जन्मजात थायरॉईड कमी असते, गुणसूत्र एक जास्त असते. काही कारणे कळतही नाहीत. यात आईचे पाप कुठे आले? अजूनही आपल्याच माणसांच्या तोंडी "मागचा जन्म" येतो, तेही गळ्यात निळा रुमाल असताना.

आता आपल्या मुलांनी हे शिकलेच पाहिजे असे मी का म्हणतो, ते ऐका. बुद्धी मोजायची पहिली चाचणी पॅरिसला बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली केली. हेतू चांगला होता, कोणत्या मुलाला जास्त मदत लागेल ते शोधणे. पुढे तीच पट्टी मुलांना बाहेर काढायला वापरली गेली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात काळ्यांची मुले मोठ्या संख्येने मंदबुद्धीच्या वर्गात जाऊन पडू लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या काही पालकांनी १९७१ साली कोर्टात दावा लावला, आणि १९७९ साली निकाल आला की या बुद्धिमापन चाचण्यांवरून काळ्या मुलांना त्या वर्गांत ढकलू नये. चाचणीतले प्रश्न गोऱ्या घरातल्या अनुभवावर बेतलेले होते. ब्लॅक पँथर उभी राहिली ते ओकलंड सॅन फ्रान्सिस्कोच्या समोरच आहे, खाडीपलीकडे; आणि आपल्या दलित पँथरने १९७२ साली नाव घेतले ते तिथूनच. हे मी पँथरच्या सभांत कधी ऐकले नव्हते, या मुलीच्या वहीत वाचले.

आपल्या पोरांना दोन्हीकडून मार बसतो. एखादे पोर उपाशी येते, घरची बोली वेगळी, कान फुटलेला, चष्मा नाही, त्याला "ढ" म्हणून मागे बसवतात. आणि ज्याला खरोखर अडचण आहे त्याला "आळशी आहे, फटके द्या" म्हणतात. कुठले पोर कुठले, हे ओळखायला समोरच्या खुर्चीवर असा माणूस पाहिजे ज्याला शास्त्रही येते आणि चाळही ठाऊक आहे. २००७ साली 'तारे जमीन पर' आला तेव्हा आपल्या वस्तीत बायाबापड्या डोळे पुसत बाहेर आल्या. पण त्या आठवड्यात कुणी आपल्या पोराला तपासायला नेल्याचे मला आठवत नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते, दाखला मिळतो, दहावीला जास्तीचा वेळ मिळतो. तिथे गेल्यावर एवढे जरूर विचारा की चाचणी पोराच्या शाळेच्या भाषेत आहे ना.

शब्दांचे थोडे बोलतो. आधी आंधळा, बहिरा, वेडा. मग मूकबधिर, मतिमंद, अपंग. आता दिव्यांग. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी "हरिजन" शब्दाला विरोध केला होता. गोड नाव देऊन विहिरीवर पाणी मिळत नाही, हे आपल्याइतके कुणाला कळणार? काहींना "दिव्यांग" आवडतो, त्यांनी म्हणावे. मला त्या नावापेक्षा २०१६ चा कायदा जवळचा वाटतो. त्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व मानले आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथे निवडाल तिथे. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे शिकवणाराच नव्हे, ही मुले स्वतःही विद्यापीठात जाऊ शकतात. एखादे आंधळे पोर उद्या विशेष शिक्षक झाले तर त्याच्याइतके ब्रेल कोण शिकवील?

ज्यांना हे शिक्षण घ्यायचे त्यांनी एक सांभाळावे. या अभ्यासक्रमांवर भारतीय पुनर्वास परिषदेचे नियंत्रण असते, तिचा कायदा १९९२ चा. परिषदेची मान्यता नसेल तर प्रमाणपत्र कागदाला महाग. आपल्या ओळखीतल्या एका मुलाने अशाच एका संस्थेत पैसे भरले आणि वर्ष घालवले. नियमही अधूनमधून बदलतात, म्हणून प्रवेशाआधी परिषदेच्या यादीत त्या वर्षासाठी संस्थेचे नाव बघा. बारावीनंतर दोन वर्षांची पदविकाही आहे. मुलग्यांसाठीही वाटा आहेत, वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कर्णबधिरांच्या क्षेत्रात काम करते. शिष्यवृत्तीचा अर्ज जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यासह वेळेत भरा, दाखले काढायला मी येतो.

नोकरीचे खोटे सांगणार नाही. साध्या शाळांत विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर, मानधनावर राबले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांमागे विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून नेमणुका करायला सांगितले, तरी सरकारी गाडी कशी चालते ते गिरणी कामगारांना सांगायला नको. लढावे लागेल. कामगारांच्या पोरांना त्याची भीती नसावी.

त्या मुलीच्या आईचे सांगायचे राहिले. मुलगी आता एका विशेष शाळेत आहे. परवा आई माझ्या बायकोला सांगत होती, "आमची मास्तरीण जरा येगळ्या पोरांची हाय." लग्नाचे अजून जमलेले नाही. मुलीला घाई नाही, आईला आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर ती विहाराच्या मागच्या खोलीत बसते, दहा ते एक. सध्या सहा मुले येतात. माझ्या माहितीप्रमाणे आपल्या सात चाळींत निदान अकरा मुले आहेत. बाकीच्या पाच घरांत मी गेलो होतो, दोन घरांनी दार उघडले नाही. परत जाणार आहे. खोलीत एक मोठी सतरंजी, मोठ्या बटणांचे जुने शर्ट आणि भिंतीवरचे एक घड्याळ पाहिजे आहे, ज्यांच्याकडे असेल त्यांनी सचिवांकडे द्यावे. आणि मुलांना आणताना मागच्या बोळातून आणू नका. पुढच्या दाराने, बुद्धरूपाच्या समोरून आणा.

जयभीम. नमो बुद्धाय.